पडद्याच्या आतले मासे

पूल अजून अर्धाच झाला आहे, पण फलक पुरा लागला आहे. पेणकडून रोह्याकडे जाताना डाव्या हाताला, हिरव्या रंगावर पांढरी अक्षरं: नदीचं पर्यावरण जपून हा पूल बांधला जात आहे. खाली माशाचं चित्र आहे आणि चित्रातला मासा हसतो आहे. मी पेण डेपोला कंडक्टर होतो, नोकरीची बहुतेक वर्षं याच रस्त्यावर काढली. महिलांसाठी राखीव, धूम्रपान करू नये, सुटे पैसे द्यावेत, असे फलक जन्मभर वाचले. त्यातल्या एकानेही माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली नव्हती.

आमचं गाव पुलाच्या पायथ्याशी आहे. बरोबर पुलाखाली नदीला डोह आहे. उन्हाळ्यात बाकीची नदी गोट्यांमधून कशीबशी वाट काढते, तेव्हाही डोहात पुरुषभर पाणी असतं. काठावर देवीचं ठाणं, चार माणसं बसतील एवढंच. डोहातले मासे देवीचे. ते कुणी धरत नाही, कुणी मारत नाही. मोठ्या खवल्यांचे, जाड ओठांचे, काही तर हातभर लांब. पुस्तकात त्यांना महसीर म्हणतात हे मला पुलाच्या कामामुळे कळलं. तोवर देवीचे मासे म्हटलं की आमचं भागत होतं.

त्यांना रोज संध्याकाळी भात घालायचा मान आमच्या घराकडे. मोठा भाऊ होता तोवर तो घालायचा. तो गेल्यावर वहिनींनी ते काम कुणाला विचारलंही नाही, भाताचं पातेलं उचललं आणि चालू पडल्या. त्यांचा मुलगा डोलवीला पोलादाच्या कंपनीत, कंत्राटावर. शिफ्ट सांभाळायची म्हणून तो रामवाडीत खोली घेऊन राहतो. मी तेव्हा अजून नोकरीत, दिवसभर गाडीवर. घरात वहिनी एकट्या. काठावर बसून त्या माशांना घरातलं सगळं सांगायच्या, कुणाला बरं नाही, कुणाच्या शेतात वाल चांगला आला. मी एकदा चेष्टा केली की वहिनी, तुम्ही आमच्याशी बोलत नाही इतकं त्यांच्याशी बोलता. त्या म्हणाल्या, "ते मधेच बोलत नाय, भावजी."

एसटीचीही एक रीत होती. गाडी पुलावर आली की ड्रायव्हर आपणहून वेग कमी करायचा. पेणच्या बाजारातून परतणाऱ्या बायका पिशवीतून मूठभर कुरमुरे काढून खिडकीतून खाली टाकायच्या. मीही तेवढा वेळ तिकिटं फाडणं थांबवायचो. खाली पाणी उकळल्यागत हलायचं. गाडीची धडधड ऐकूनच मासे पुलाखाली गोळा व्हायचे. माणसांनी काही टाकायच्या आधीच ते वर तोंड करून तयार असायचे.

पूल मात्र म्हातारा झाला होता, हे मी नाकारत नाही. कठड्याचं सिमेंट सुटून आतल्या सळ्या दिसत होत्या. कंपनीचे लांब ट्रेलर गेले की गाडीतल्या सीटपर्यंत हादरा पोचायचा. पावसाळ्यात पुराचं पाणी पुलाला लागलं की मी मनात देवीचं नाव घ्यायचो आणि प्रवाशांना हसून दाखवायचो. त्यामुळे नवा पूल येणार म्हटल्यावर मला बरंच वाटलं. जुना पूल दोन हिवाळ्यांत पाडायचा, आधी एक बाजू आणि मग दुसरी, म्हणजे रहदारी बंद पडणार नाही, असं ठरलं. मी तेव्हा नुकताच रिटायर झालो होतो. हाताला काम नव्हतं आणि तोंडाला होतं, म्हणून गावकऱ्यांनी मला पुलाच्या कमिटीत घातलं.

देवीच्या ठाण्यापुढे बैठक झाली. ठेकेदाराच्या इंजिनिअरबरोबर एक मुलगी आली होती. तिचं कामच हे, की पूल बांधताना नदीला कमीत कमी त्रास व्हावा. गाव तिला मॅडम म्हणू लागलं, पण तिशीही ओलांडली नसेल. मी सरकारी बैठकांना पुष्कळ बसलो आहे, म्हणून हात बांधून, तोंड वाकडं करून ऐकत होतो. पण तिने एकेक गोष्ट नीट सांगितली. पाऊस असेतोवर नदीत पाऊल टाकायचं नाही. डिझेलची पिंपं काठापासून लांब ठेवायची. पाडलेलं सिमेंट नदीत पडू द्यायचं नाही, आणि काठावरचं करंजाचं एकही झाड तोडायचं नाही. डोहाभोवती पाण्यात जाड कापडाचा पडदा सोडायचा, वरून तरंगता आणि खाली साखळीने तळाला टेकलेला, म्हणजे गढूळ पाणी पडद्याच्या आतच राहील आणि खालच्या नदीला लागणार नाही.

वहिनींनी एवढंच विचारलं, "आन् मासे गो?"

मॅडमनी त्याचाही विचार केला होता. हाकेच्या अंतरावर, नदीच्या वरच्या अंगाला दुसरा लहान डोह आहे. तिने सांगितलं, "काकी, काम सुरू व्हायच्या आधी महिनाभर इथे काही घालू नका. तिकडे घाला. खाणं जिथे, तिथे ते जातील. सगळे गेले की मग आपण पडदा सोडू." नंतर ती माझ्याकडे वळली. "आणि काका, गाड्यांतून लोक टाकतात ते बंद करता येईल का?"

माझ्यावर कुणी अशी जबाबदारी टाकली की मी चढतो. दिवाळीनंतर मी रोज पुलाच्या अलीकडच्या थांब्यावर उभा राहू लागलो. गाडी आली की फूटबोर्डवर चढायचं आणि ओरडायचं, की माशांना कुणी काही टाकायचं नाही, टाकाल तर पाप लागेल. तिकिटासाठी माझ्याशी भांडलेल्या बायका आता कुरमुऱ्यांसाठी भांडल्या. एक म्हणाली, "रिटायर झाला तरी याचं वसकणं नाय गेलं." पण कुरमुरे पिशवीतच राहिले.

वहिनी तर रोज गोट्यांवरून तोल सावरत वरच्या डोहाला जायच्या. त्यांचे गुडघे आधीच धरलेले. पहिले काही दिवस तिकडे चिटपाखरू नव्हतं. भात पाण्यावर फुगून वाहून जायचा आणि खालच्या डोहातले मासे वहिनींच्या पावलांच्या आवाजाने काठाला येऊन थांबायचे. त्या मान दुसरीकडे करून पुढे जायच्या. घरी येऊन जेवायच्या नाहीत. मग एक मासा वर आला, मग चार आले. मॅडम पाण्यात उतरून बघून यायच्या. महिना संपता संपता खालचा डोह रिकामा झाला. त्या पोरीने वहिनींना मिठी मारली. मी आयुष्यात पहिल्यांदा सरकारी बेत ठरल्यासारखा पार पडताना पाहिला आणि त्या दिवशी माझा कुणावरही राग नव्हता.

मग पूजा आली.

पाडकामाला मुहूर्त हवा होता. रोह्याहून पुढारी येणार होते. सकाळी पुलावर मांडव पडला, बेंजो आला, नारळांचं पोतं आलं. आणि आमच्याच गावच्या शहाण्यांनी पेणच्या बाजारातून कुरमुऱ्यांच्या दोन गोणी आणल्या. जुन्या पुलावरून शेवटचं घालायचं म्हणे. इतकी वर्षं ज्या पुलावरून देवीच्या माशांना घातलं, तो पूल देवीला न सांगता कसा पाडायचा, असा प्रश्न सरपंचांनी केला. या प्रश्नाला आमच्या गावात उत्तर नसतं.

मॅडम म्हणाल्या, "कृपा करा, इथे काही टाकू नका. महिन्याची मेहनत आहे." इंजिनिअर म्हणाला, पाच मिनिटांचा प्रश्न आहे, लोकांच्या भावना असतात. मी मधे पडलो. आवाज चढवून सांगितलं की हा मूर्खपणा आहे. तर सरपंच हसून म्हणाले, "कंडक्टर, तुमची ड्युटी संपली हाय. बसा आता." सगळे हसले. मीही वेडावाकडा हसलो, कारण समोर पुढारी होते.

पहिली मूठ वहिनींची, कारण मान आमच्या घराचा. पुढाऱ्यांनी स्वतः त्यांच्या हातात कुरमुऱ्यांचं सूप दिलं. म्हणाले, "घ्या आजी, तुमच्या हातानं होऊ द्या." वहिनी माझ्याकडे बघू लागल्या. मी मान हलवून नको म्हटलं. त्यांनी मॅडमकडे पाहिलं, तिनेही मान हलवली. मग त्यांनी सगळ्या गावाकडे पाहिलं. ज्यांच्या घरी त्यांनी बाळंतपणं काढली, ज्यांच्या लग्नात हळदी दळल्या, ते सगळे हात जोडून उभे होते. एवढ्या लोकांसमोर देवीचा मान नाकारायचा कसा, हे वहिनींना कुणी शिकवलंच नव्हतं. त्यांनी मूठ सोडली.

मग सगळ्यांनी सोडली. दोन्ही गोण्या रित्या झाल्या. बेंजो वाजत होता, शेजारच्या बाजूने ट्रेलर जात होते, पूल हादरत होता. आणि वरच्या डोहाकडून, उथळ पाण्यात पाठी उघड्या टाकत, देवीचे मासे खाली आले. एक नाही, दोन नाही, सगळे आले. पुलाखालचं पाणी त्यांनी भरून गेलं.

लोकांनी काय करावं? लोकांनी हात जोडले. कुणीतरी ओरडलं की देवीनं कौल दिला. पुढाऱ्यांनी मोबाइलवर शूटिंग केलं आणि माइकवर सांगितलं की बघा, विकासाला देवीचाही आशीर्वाद आहे. म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी कठड्याला धरून खाली बघत होतो.

मुहूर्त टळत होता म्हणून टाळ्यांच्या गजरात क्रेनने पडदा पाण्यात सोडला. मॅडम धावत खाली गेल्या, दोन्ही हात वर करून थांबा थांबा म्हणत होत्या, पण बेंजोपुढे त्यांचं कोण ऐकतो. साखळी तळाला टेकली. नदी वाचवायला आणलेल्या पडद्याच्या आत नदीतले सगळे मासे होते.

संध्याकाळी तिने इंजिनिअरला पडदा उचलायला सांगितलं. क्रेन दुसऱ्या कामावर गेली होती, परवा येणार होती. मग निदान काम थांबवा म्हणाली. तो म्हणाला, मोठं काम थांबवतो, किरकोळ चालू ठेवतो. पडद्याची एक कड माणसांकडून ओढून तिने हातभर फट करून घेतली आणि पुलावर मशीन सुरू करायला लावलं, की आवाजाला भिऊन मासे फटीतून बाहेर पडतील. दुसऱ्या कुठल्याही नदीतले बाहेर पडले असते. आमचे मासे पुलाची धडधड ऐकून मशीनखाली गोळा झाले आणि वर तोंड करून थांबले. ती पोर पाण्यात कमरेएवढी उभी होती. म्हणाली, "काका, हे पळत का नाहीत?" आम्ही सगळ्यांनी मिळून पिढ्यान् पिढ्या त्यांना हेच शिकवलं होतं, की वरून जे येतं ते चांगलंच असतं.

किरकोळ काम म्हणजे कठडा कापणं. कापणाऱ्या पात्यावर पाणी सोडावं लागतं, ते पाणी सिमेंट घेऊन खाली येतं. ते झेलायला पन्हळी लावायच्या होत्या. पूजेच्या गडबडीत त्या अर्ध्याच लागल्या होत्या. राखाडी पाणी पडद्याच्या आत ठिबकत राहिलं आणि जिथे ठिबकत होतं तिथेच मासे जमत राहिले. क्रेन यायच्या आदल्या सकाळी डोहावर पांढरी पोटं तरंगली.

त्या दिवसाबद्दल मी फार लिहू शकत नाही. बाहेरगावची माणसं गोणपाटं घेऊन आली, त्यांच्या अंगावर मी काठी घेऊन धावलो आणि दमून खाली बसलो. वहिनी काठावर एकेक मासा उचलून पदराने पुसत होत्या, त्याचे कल्ले उघडून बघत होत्या. ठाण्यामागे मोठा खड्डा खणून मासे पुरले. त्यानंतर गावात वाद झाला, की देवीचे मासे गेले म्हणजे गावाला सुतक लागतं की नाही. दोन घरी लग्नं होती, हॉल बुक झाले होते. शेवटी लागत नाही असं ठरलं. कौल देणाऱ्या देवीला या वेळी कुणी विचारलं नाही.

मॅडम फाल्गुनात काम सोडून गेल्या. जायच्या आधी वहिनींना भेटायला आल्या, चहा घेतला. त्यांच्या जागी जो साहेब आला तो म्हणाला, नुकसान भरून काढू, मत्स्यबीज सोडू. गाव खूश झालं. सोडलंही, फोटो काढून. पहिल्या पुरात ते कुठे गेलं ते समुद्राला माहीत. फलक त्याच सुमारास लागला.

वहिनींना कुणी दोष दिला नाही. मीही दिला नाही. सगळ्या जगावर चिडून झालं तरी त्या मुठीवर मला चिडता येत नाही आणि तेच मला जास्त खातं. वहिनी एकदाच म्हणाल्या, "भावजी, महिनाभर मीच नेलं त्यांना आन् मीच बोलावलं." मी म्हटलं, सगळ्यांनी बोलावलं. त्या म्हणाल्या, "ते माझ्या हाताला वळखत व्हते."

पावसाळा उतरला आणि संध्याकाळी त्या पुन्हा डोहाकडे जाऊ लागल्या. पडद्याच्या फटीतून काही मासे त्या वेळी निसटले असावेत, मोजकेच, ते परतले होते. मला वाटलं, पुन्हा भात घालायला लागल्या. दुसऱ्या बाजूचं पाडकाम दिवाळीनंतर सुरू व्हायचं होतं आणि या बाई पुन्हा त्यांना पुलाखाली जमवणार, म्हणून रागारागाने मी त्यांच्या मागे गेलो.

काठावर वहिनी उभ्या होत्या. पदरात भात नव्हता, दगड होते. मासे त्यांच्या पावलांच्या आवाजाला आले होते, नेहमीसारखे, वर तोंड करून. वहिनींनी दगड मारला. मासे दगडावर धावले. त्यांना वाटलं, खायला आहे. वहिनींनी आणखी मारला, जोरात. एकाच्या पाठीला लागला, तो उसळून बाजूला झाला आणि थोड्या वेळाने परत आला.

"वहिनी, हे काय?"

"पळायला शिकवतंय," त्या म्हणाल्या. त्यांचा श्वास लागला होता. "एवढं तरी यायला हवं ना त्यांना. परत पूल तोडतील, परत गोणी आणतील. गावाला नाय म्हणायला मला या जन्मी जमायचं नाय. मग यांनाच शिकवायला हवं."

दुसऱ्या दिवसापासून दगड मी गोळा करू लागलो. ऑक्टोबरच्या उन्हात दोन म्हातारी माणसं रोज संध्याकाळी देवीच्या माशांना दगड मारतात, हे गावाने पाहिलं. सरपंचांनी मला बाजूला घेऊन विचारलं की वहिनींच्या डोक्यावर परिणाम झाला आहे का. मी त्यांना जे सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हळूहळू मासे कमी येऊ लागले. मग पावलं वाजली की पाण्यात नुसती एक सळसळ उठायची आणि सावल्या वरच्या अंगाला निघून जायच्या. दिवाळीच्या आधी एक संध्याकाळ अशी आली की डोह हललाच नाही. वहिनी बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी कनवटीला बांधलेली पुरचुंडी सोडून माझ्या हातात दिली. कुरमुरे होते.

"पुलावर जा, भावजी. वरून टाकून बघा."

मी वर गेलो. जुन्या पुलाची उरलेली बाजू तशीच हादरत होती, मागून ट्रेलर जात होते. मूठ सोडली. कुरमुरे पाण्यावर पडले आणि पसरले. काही झालं नाही. मला इतकं बरं वाटलं की मी वरून हात केला. तेवढ्यात करंजाच्या मुळांजवळून एक लांब काळी पाठ निघाली आणि सरळ कुरमुऱ्यांखाली येऊन तिने तोंड वर केलं.

खाली काठावर वहिनींनी वाकून दगड उचलला. या वेळी मोठा उचलला.